बाईंना विचारा : कॅलाबारच्या विहीणबाई

प्रश्न : बाई, माझा मुलगा चार वर्षं नायजेरियात, लागोसला नोकरीला आहे. तिथे त्याने कॅलाबारच्या एका मुलीशी लग्न ठरवलंय. मुलगी फार्मासिस्ट आहे, एफिक समाजातली. फोनवर गोड बोलते. पण जाऊबाईंनी मोबाइलवर दाखवलं, त्यांच्यात म्हणे मुलींना लग्नाआधी खोलीत कोंडून मुद्दाम जाड करतात. दिवाळीत तिची आई आमच्याकडे येणार आहे. हा विषय काढू का? आणि त्यांना जेवायला काय करू? तुम्ही त्या गावात राहिला होतात, असं मागे एकदा लिहिलं होतं, म्हणून विचारते.
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : राहिले होते, १९८० ते १९८४. तेव्हा नायजेरियात तेलाचा पैसा होता आणि आपल्याकडचे पुष्कळ शिक्षक तिकडे जायचे. मी मुलींना गणित शिकवायचे. जाऊबाईंनी दाखवलं ते खोटं नाही, पण अर्धंच आहे.

त्या खोलीला न्कुहो म्हणतात आणि तिच्यात बसलेल्या मुलीला म्बोपो. वयात आलेल्या किंवा लग्न ठरलेल्या मुलीला घरकामातून सोडवायचं, वडीलधाऱ्या बायकांच्या ताब्यात द्यायचं. रोज अंगाला मालिश, अंगावर पांढऱ्या मातीची नक्षी, दिवसातून कितीदा तरी खाणं, आणि झोप. याम नावाचा कंद, केळी, पाम तेलातलं कालवण. भरलेलं अंग म्हणजे निरोगी मुलगी, खात्यापित्या घरची मुलगी. ऐपतीप्रमाणे कुणी काही महिने बसवायचे, कुणी वर्षाच्याही वर. धडधाकट मुलगी इतके दिवस कामाशिवाय बसवणं गरिबाला कुठलं परवडायला? त्यामुळे ही हौसही होती आणि बापाची ऐट पण.

आमच्या शेजारी एक आजी होत्या, सत्तरीच्या. सगळे त्यांना ‘एका’ म्हणायचे. एफिकमध्ये एका म्हणजे आई. (सुरुवातीला मला वाटायचं, ही माणसं वाक्य अर्धवट सोडतात. एका काय? एका कोण?) त्या स्वतः सात महिने न्कुहोत बसल्या होत्या. मी विचारलं, कंटाळा नाही आला? म्हणाल्या, खाण्याचा आला. पहिल्या महिन्यात चोरून धाकट्या भावाला घास द्यायची. मग नुसतं खाऊन होत नाही म्हणून शिकवणं सुरू व्हायचं. पाला किती बारीक चिरायचा, घरी पाहुणा आला तर आधी काय पुढे करायचं, सासूसमोर कधी गप्प बसायचं आणि कधी नाही, तान्ह्याला कसं न्हाऊ घालायचं. कासवाच्या गोष्टी. आणि एकोंबी.

एकोंबी हा त्यांचा नाच. एफिक लोक नदीकाठचे, मासेमारी आणि व्यापार करणारे. नाचात अंग पाण्यावरच्या लाटेसारखं हलतं, पाय जेमतेम सरकतात. आजी सत्तरीत खुर्चीतून उठून नुसते खांदे हलवून दाखवायच्या आणि ओसरीत भरती आल्यासारखं वाटायचं. मी घरी आरशासमोर पुष्कळ प्रयत्न केला. मला फुगडीच बरी.

ताई, आपल्याकडे बाळंतिणीची खोली आठवा. शेक, तेल, डिंकाचे लाडू, सव्वा महिना बाहेर पडायचं नाही. किंवा तुमच्या आजीला विचारलं असतंत तर पहिल्या न्हाणाला मखरात बसवल्याचं तिने सांगितलं असतं. परक्या कुणी तेवढंच टिपून नेलं असतं, तर आपणही विचित्रच दिसलो असतो.

पण मी सगळं गोड करून सांगणार नाही. काही घरांत याच काळात मुलीची सुंता केली जायची. आजी त्याबद्दल एकदाच बोलल्या, हातातली सुरी खाली ठेवून, आणि लगेच दुसऱ्या विषयावर गेल्या. नायजेरियाच्या २०१५ च्या केंद्रीय कायद्याने तो गुन्हा ठरवला आहे. या गोष्टीत रूढी बिढी काही नाही, ती क्रूरताच.

न्कुहो ही मुलींची एक शाळा, दुसरी शाळा मिशनची. १८४६ मध्ये होप वॉडेल नावाचे पाद्री जमैकाहून स्कॉटिश मिशन घेऊन कॅलाबारला आले. १८६८ पर्यंत अख्खं बायबल एफिकमध्ये झालं होतं. डंडीच्या गिरणीत काम केलेली मेरी स्लेसर १८७६ मध्ये आली. जुळी मुलं अशुभ मानून टाकून देत, त्यांना ती घरी आणायची. मिशनने मुलींच्या हातात सुई आणि पुस्तक दिलं. आजही एफिक नवरी घालते तो ओन्योन्यो, म्हणजे पायघोळ झगा, त्या मडमांच्या कपड्यांवरूनच आलेला. वर पोवळ्यांच्या माळा आणि केसांत पितळी फण्या मात्र त्यांच्या स्वतःच्या. माझ्या वर्गातल्या मुली दोन्ही शाळांच्या होत्या : बीजगणित वहीत, एकोंबी खांद्यात.

आता न्कुहो बहुतेक ठिकाणी काही दिवसांच्या सोहळ्यापुरतं उरलंय. तुमची फार्मासिस्ट सून महिनोन्‌महिने रजा कुठून काढणार! विहीणबाईंना ‘तुमच्यात जाड करतात का’ असं विचारू नका. ‘तुमच्या आजीने तुम्हाला काय शिकवलं’ एवढं विचारा आणि चहा ठेवा. संध्याकाळ तिथेच जाईल. आभार मानायला ‘सोसोंगो’ म्हणा.

जेवायला एदिकांग इकोंग करा. त्यात दोन पाले असतात, एक पाणी सुटणारा, एक भोपळ्याच्या जातीच्या वेलाचा. तुम्ही पालक आणि लाल भोपळ्याची कोवळी पानं घ्या. मटण आधी शिजवून घ्या, त्यात सुकट भरपूर, मिरची, लाल पाम तेल मिळालं तर उत्तम. पालक आधी, भोपळ्याचा पाला शेवटी. वरून पाणी अजिबात घालू नका, पाल्याचंच पुरतं. तिथे एकीने पाणी घातलं म्हणून आजी आठवडाभर तिची चेष्टा करत होत्या. सोबत भाकरी चालेल, त्यांनाही हाताने मोडून खायची सवय असते.

प्रश्न : बाई, मी सुलेखन शिकते. एफिक लोकांची न्सिबिडी नावाची चिन्हलिपी मुलींना शिकवत होते का?
– एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : न्सिबिडीची गुप्त चिन्हं एक्पे या पुरुषांच्या मंडळाकडे असत, ती मुलींना कुठली मिळायला. पण उघडी चिन्हं सगळ्यांची होती. एकमेकांत गुंतलेल्या दोन वक्र रेघा म्हणजे प्रेमातलं जोडपं, असं. भोपळ्याच्या भांड्यांवर बायका नक्षी कोरायच्या, पितळी ताटांवर खिळ्याने ठोकून फुलं-मासे उठवायच्या. आजींच्या भिंतीवर असं एक ताट होतं, मधोमध मासा, त्याच्या शेपटीला एक ठोका चुकलेला. ‘तो माझा,’ म्हणायच्या, ‘बाकीचं ताट आईचं.’