रशियन शुभेच्छा: कधी, कुणाला, कशा?

प्रश्न : माझी मुलगी कझानला एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आहे. २५ डिसेंबरला तिने वसतिगृहाच्या दारावर बसणाऱ्या आजींना ‘मेरी ख्रिसमस’ म्हटलं, तर त्या नुसत्या हसल्या. तिथे नाताळ नसतो का? कोणत्या सणाला काय म्हणायचं असतं? – एक आई, नाशिक

उत्तर : नाताळ असतो, पण ७ जानेवारीला. रशियन ऑर्थोडॉक्स चर्च अजून जुन्या ज्युलियन पंचांगानेच चालतं आणि ते आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरच्या १३ दिवस मागे आहे. सरकारने १९१८ साली नवं कॅलेंडर घेतलं. त्या वर्षी ३१ जानेवारीनंतर थेट १४ फेब्रुवारी उजाडला. चर्च मात्र जागचं हललं नाही.

पण तिकडचा खरा मोठा सण नवं वर्ष. बोल्शेविकांना नाताळ नको होता, त्यामुळे नाताळचं झाडही नको झालं. मग २८ डिसेंबर १९३५ला ‘प्रावदा’ या कम्युनिस्ट पक्षाच्या दैनिकात पावेल पोस्तिशेव या पक्षनेत्याचं पत्र छापून आलं, की मुलांसाठी झाड सजवायला काय हरकत आहे? झाड परत आलं, पण नव्या वर्षाचं होऊन. भेटवस्तू, बर्फाचे आजोबा ‘द्येद मरोझ’, त्यांची नात ‘स्निगूरच्का’, सगळी वरात ३१ डिसेंबरच्या रात्रीला येऊन चिकटली. ७ जानेवारीची सुट्टी परत मिळाली ती १९९१मध्ये. तोवर दोन पिढ्यांना नव्या वर्षाची सवय लागली होती.

मी मॉस्कोत शिकत होते तेव्हा ३१ डिसेंबरला आमच्या मजल्यावर दुपारपासून अलिव्ये सॅलड चिरायला बसायच्या मुली. उकडलेले बटाटे, मटार, अंडी, खारवलेली काकडी, सॉसेज आणि वर मेयोनेज. माझ्यासाठी सॉसेज घालण्याआधी एक वाटी बाजूला निघायची. जिन्यात संत्र्यांच्या सालींचा वास असायचा. हे सगळं होईपर्यंत कुणी ‘स्नोविम गोदम’, म्हणजे नव्या वर्षाच्या शुभेच्छा, म्हणत नसे. क्रेमलिनच्या घड्याळाचे बारा टोले पडेपर्यंत म्हणायचं ‘स्नास्तुपायुश्चिम!’, म्हणजे येऊ घातलेल्या वर्षासाठी. टोले पडले की ‘स्नोविम गोदम!’. पुढे आठ-दहा दिवस जो पहिल्यांदा भेटेल त्याला तेच. उत्तर ‘इ वास तोझे’, तुम्हालाही. सुरुवातीचा ‘स’ पुढच्या शब्दाला चिकटवूनच म्हणायचा. तो सुटा म्हटला की परकेपण लगेच कळतं.

१३ जानेवारीच्या रात्री ज्युलियन पंचांगाचं, म्हणजे ‘जुनं नवं वर्ष’ येतं. तेव्हा ‘सा स्तारिम नोविम गोदम’. तुम्ही घरी भोगीची भाजी करत असाल त्या सुमाराला मुलीला फोन लावा, तिला म्हणून दाखवता येईल.

आता त्या आजी. कझान ही रशियातल्या तातारस्तान या प्रजासत्ताकाची राजधानी. तिथल्याही क्रेमलिनच्या, म्हणजे किल्ल्याच्या, आवारात कुल शरीफ मशीद आहे आणि ऑर्थोडॉक्स चर्चही. आजी तातार मुसलमान असतील तर त्यांना नाताळच्या किंवा ईस्टरच्या शुभेच्छा देण्यात अर्थ नाही. त्यांची मोठी सुट्टी कुर्बान-बायरामची, म्हणजे आपल्याकडची बकरी ईद. ईस्टरला ‘ख्रिस्तोस वस्क्रेसे!’, ख्रिस्त पुन्हा उठला, म्हणतात आणि समोरचा ‘वईस्तिनु वस्क्रेसे!’, खरोखरच उठला, म्हणतो. ही नुसती शुभेच्छा नाही, श्रद्धेची कबुली आहे. मी स्वतः ती आधी कुणी म्हटली तरच म्हणते. शंका असेल तिथे ‘स्प्राझ्निकम!’, सणाच्या शुभेच्छा. यातला ‘झ’ आपल्या ‘झाड’मधला, ‘माझी’तला नव्हे. तातार शेजारणीला ‘बॅयरॅम बेलॅन’ म्हटलं तर ती दोन ‘पेरेम्याच’ जास्त वाढेल. त्या गोल, खिमा भरलेल्या असतात. शाकाहारी असल्यास आधीच सांगावं.

आणि आजींना नुसतं ‘आजी’ म्हणू नये. नाव आणि वडिलांवरून आलेलं नाव असं मिळून म्हणायचं. वडील निकोलाय असतील तर निकोलायेव्ना, रशीद असतील तर रशीदोव्ना. मधलं नाव वडिलांचं, हे आपल्याला शिकवावं लागत नाही. मुलीला ते नाव विचारून घ्यायला सांगा. बाकी शब्द चुकले तरी चालतील.

प्रश्न : मोरजीला आमचं छोटं गेस्ट हाउस आहे. दर हिवाळ्यात येणाऱ्या एका रशियन बाईंचा १० मार्चला वाढदिवस असतो. त्या दिवशी आम्ही गावी असू, म्हणून ८ मार्चलाच महिला दिन आणि वाढदिवस असे दोन्ही मिळून फुलं आणि केक दिला तर? – एक वाचक, मोरजी

उत्तर : अजिबात नको! नव्या वर्षाच्या शुभेच्छा आधी चालतात, वाढदिवसाच्या नाही. ते तिकडे अपशकुनी मानतात, डॉक्टर-इंजिनिअरसुद्धा. उशिरा दिलेल्या शुभेच्छांना कुणी काही म्हणत नाही. केक कामावरच्या मुलाकडे ठेवा, दहालाच द्यायला सांगा, आणि फोनवर ‘झ्द्न्योम रझ्देनिया’ म्हणा.

फुलं मात्र आठ तारखेला द्याच, ‘स्वस्मिम मार्ता!’ म्हणून. १९६६पासून तिकडे त्या दिवशी सुट्टी असते आणि घरातल्या, कचेरीतल्या बायकांना फुलं मिळतात. तिकडे पिवळ्या मिमोझाच्या डहाळ्या असतात, तुम्ही गुलाब घ्या. तीन, पाच, सात. चार-सहा कधीच नाही; सम संख्येत फुलं मयताला नेतात. फुलवाला वर एक फुकट देत असेल तर हात जोडा.

प्रश्न : एका रशियन मैत्रिणीने फेब्रुवारीअखेर एकदम ‘मला माफ कर’ असा निरोप पाठवला. आमचं भांडण झालेलं नाही. घाबरू का? – एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : घाबरू नकोस. तो रविवार होता ना? धिरड्यांचा आठवडा ‘मास्लेनित्सा’ संपतो त्या रविवारी सगळे एकमेकांची क्षमा मागतात, कारण सोमवारपासून ईस्टरचा मोठा उपास लागतो. जैन मैत्रिणीकडून ‘मिच्छामि दुक्कडम्’ येतं, तसंच हे. उत्तर ठरलेलं आहे : ‘बोग प्रस्तीत, इ या प्रश्चायु’, देव क्षमा करेल, मीही करते. मग तूही ‘प्रस्ती मिन्या’, मला माफ कर, म्हणायचंस. ‘अगं, माफी कसली!’ असं आपल्या पद्धतीने उडवून लावू नकोस, ती बिचारी वाट बघत बसेल.