समुपदेशकांचे काम खोलीपुरते नाही

प्रश्न : माझ्या मुलाच्या शाळेने यंदा पूर्णवेळ समुपदेशक नेमल्या आहेत. शाळेत विद्यार्थी-आरोग्य धोरण तयार होत आहे, मात्र त्या समितीत त्यांना घेतलेले नाही. ‘त्यांनी मुलांशी बोलावे, धोरणाचे आम्ही पाहू,’ असे संस्थाचालक म्हणतात. उलट त्यांच्याकडे कोणकोणती मुले जातात, याची यादी दरमहा मागितली जाते. पालक-शिक्षक संघाची सदस्य म्हणून मी काय करावे?
– एक पालक, नाशिक

उत्तर : जे समुपदेशकांनी समितीत सांगायला हवे, ते कोणी विचारत नाही आणि जे कधीच सांगू नये, तेच मागितले जात आहे. आपण हरकत जरूर घ्यावी.

माझ्या पाहण्यातल्या एका शाळेत पोट दुखते म्हणून मधूनच घरी जाणाऱ्या मुलींची संख्या वाढली होती. डबा, पाणी, स्वच्छतागृहे, सारे तपासून झाले. शेवटी समुपदेशकांनी आजारपणाच्या नोंदवहीतल्या तारखा लावून पाहिल्या, तेव्हा त्यातल्या बहुतेक तारखा घटक चाचणीचे गुण वर्गात मोठ्याने वाचून दाखवण्याच्या दिवसांच्या निघाल्या. एकाही मुलीचे नाव न घेता त्यांनी हे समितीपुढे मांडले आणि गुण ज्याच्या त्याच्या हातात देण्याचा नियम झाला. एकेका मुलीला खोलीत बसवून धीर देत राहिले असते, तर हा नियम कधीच झाला नसता.

सर्वोच्च न्यायालयाच्या २५ जुलै २०२५ च्या निकालाचा आपल्याला आधार घेता येईल. १०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा, मानसिक आरोग्याचे धोरण दरवर्षी तपासून सुधारावे आणि ते संकेतस्थळावर व सूचनाफलकावर सर्वांना पाहता येईल असे ठेवावे, असे त्यात सांगितले आहे. गुणांवरून तुकड्या पाडू नयेत, हेही त्यातच आहे. हा वार्षिक आढावा, मुलांचे रोज ऐकणाऱ्या व्यक्तीला बाहेर ठेवून, कोण आणि कशाच्या आधारे घेणार, हा प्रश्न बैठकीत लेखी विचारावा.

यादीबाबत मात्र तडजोड नको. आपले नाव मुख्याध्यापकांच्या टेबलावर जाते, हे एका मुलाला कळले की आठवड्याभरात ते शाळाभर होते आणि त्या खोलीचे दार कोणी ढकलत नाही. जिवाला धोका असेल, तर पालकांना आणि डॉक्टरांना सांगावेच लागते. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. हे अपवाद मुलांना पहिल्याच भेटीत सांगितलेले असावेत आणि धोरणातही लिहिलेले असावेत.

संस्थेला कामाचा हिशेब हवा असेल, तर किती मुले आली आणि साधारण कोणत्या अडचणी होत्या, एवढे पुरे. इयत्तावार आकडे देतानाही जपावे. नववीतून एकच मूल आले असेल, तर इयत्ता लिहू नये, कारण ते मूल कोणते, हे वर्गशिक्षक लगेच ओळखतात.