‘व्हिडिओ लावला की मला बोलावं लागणार नाही’

‘मला टेक्नॉलॉजी जमत नाही, मग मी शिक्षिका होऊ की नको?’ बी.एड. आणि डी.एल.एड. करणारी मुलं-मुली हा प्रश्न माझ्याकडे वारंवार घेऊन येतात. इंटर्नशिप जवळ आली की जास्तच. त्यातल्या एका मुलीची गोष्ट सांगते, कारण तिच्या प्रश्नात पुष्कळांचे प्रश्न अडकलेले आहेत. तिच्या परवानगीने लिहितेय आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती सोलापूरच्या पूर्व भागातली. वडील यंत्रमागावर कामाला, आई विड्या वळते. घरात तेलुगू, शिक्षण मराठी माध्यमात. बी.एस्सी. झाली, गणित-विज्ञान घेऊन बी.एड. करते. घरातली पहिली पदवीधर.

“मॅडम, रात्री झोपच लागेना झालीय,” ती म्हणाली आणि फोन माझ्यापुढे धरला. त्यात ॲपचा एक मोठा फोल्डर, जपून ठेवलेल्या लिंक्सची लांबलचक यादी आणि ऑनलाइन कार्यशाळांची प्रमाणपत्रं होती. प्रश्नमंजुषा करायचं एक, स्लाइड करायची चार, व्हिडिओ कापायची आणखी काही. वर्गाच्या ग्रुपवर कुणी नवं नाव टाकलं की ही त्याच रात्री ते उघडून बघायची. एखादं समजायच्या आत दुसरं यायचं.

“सगळं फुकट आहे, मॅडम. पैशाचं निमित्तसुद्धा सांगता येत नाही. मग जमत नाही ते माझ्यातच काहीतरी कमी आहे म्हणून ना?”

हे वाक्य मी फार गंभीरपणे घेतलं. वस्तू विकत घ्यायची असती तर ‘परवडत नाही’ म्हणून मन मोकळं झालं असतं. फुकट म्हटल्यावर न शिकण्याचा सगळा दोष स्वतःवर येतो. पण त्या फुकटातसुद्धा रोजचे दोन-तीन तास, डोळे आणि झोप खर्च होत होती, आणि तो हिशेब कुणीच मांडत नव्हतं.

यातलं वर्गात काय वापरलंस, असं विचारल्यावर तिने मान हलवली. काहीच नाही. मग मी विचारलं, समज, वर्गात व्हिडिओ सुरू आहे, त्या वेळी तू कुठे उभी असतेस? काय करत असतेस?

ती पटकन म्हणाली, “मागे. व्हिडिओ लावला की मला बोलावं लागणार नाही.”

आणि मग रडली. सूक्ष्म अध्यापनाच्या, म्हणजे सोबतच्या विद्यार्थ्यांसमोर छोटा पाठ घ्यायच्या, तासाला तिच्या बोलण्यातल्या तेलुगू हेलावर दोघं-तिघं हसले होते. तेव्हापासून पाठ घ्यायचा म्हटलं की पोटात कालवाकालव व्हायची. ही साधनं ती शिकवण्यासाठी गोळा करत नव्हती, स्वतःला झाकण्यासाठी करत होती. चिंतेचं हे नेहमीचंच चालणं आहे: ज्याची भीती वाटते ते सोडून माणूस शेजारचं काम जीव तोडून करतो. नवं ॲप उतरवलं की घटकाभर हायसं वाटतं, सकाळी भीती होती तिथेच असते. म्हणून अशा मुलांना ‘अजून एक कोर्स कर’ हा सल्ला मी देत नाही. त्याने गोळा करणं वाढतं, उभं राहणं वाढत नाही.

तिने रणजितसिंह डिसले सरांचं नाव काढलं. “आपल्याच जिल्ह्यातल्या सरांना 2020 साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, आणि मला एक धड स्लाइड करता येईना.” माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या शाळेत तेव्हा शिकवणारे हे शिक्षक सगळ्यांना क्यूआर कोडसाठी ठाऊक आहेत. पण मी तिला त्याआधीची गोष्ट सांगितली. पाठ्यपुस्तकं मुलांच्या घरच्या भाषेत, कन्नडमध्ये, नव्हती. सर ती भाषा शिकले, पुस्तकं मुलांच्या भाषेत नेली आणि त्यांना क्यूआर कोड जोडले. आधी मुलांची अडचण दिसली, कोड नंतर आला. “आणि तुला तर तेलुगू शिकावीही लागणार नाही,” मी म्हटलं. त्यावर ती पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघून बसली.

घरी जाताना तिला एकच काम दिलं. ॲप कुठलंही उघडायचं नाही. पूर्वी घेतलेल्या सराव पाठातलं एक मूल आठवायचं, जे नेमकं कुठे अडलं ते सांगता येईल असं.

पुढच्या वेळी ती आठवीतल्या एका मुलाची गोष्ट घेऊन आली. पाठ होता धाराविद्युतचा. तिने एक सेल आणि दोन छोटे बल्ब एकसर जोडणीत, म्हणजे एकाच तारेवर एकामागे एक, लावून दाखवले होते. एक बल्ब जरा जास्त उजळला, दुसरा मंद. तो मुलगा म्हणाला, “पहिल्यानं वीज खाल्ली टीचर, दुसऱ्याला कमी उरली.” वर्गाला ते पटलं. पाठ मात्र मोडला, कारण तिला उत्तर ठाऊक असूनही डोळ्यांसमोरचा पुरावा तिच्या विरुद्ध होता.

मला ही गोष्ट अतिशय आवडली. प्रवाह बल्बमध्ये वापरून संपतो, ही समजूत पक्की असते, मोठ्यांचीही. एकसर जोडणीत हा प्रवाह, म्हणजे विद्युतधारा, सगळीकडे सारखीच असते. पण बाजारातले दोन बल्ब हुबेहूब सारखे नसतात. एकाच्या तारेचा रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, थोडा जास्त असतो आणि एकसर जोडणीत तोच अधिक उजळतो. म्हणजे मुलाचं निरीक्षण बरोबर होतं, कारण चुकलं होतं.

इथे तिच्या फोल्डरमधलं एक साधन खरोखर कामाचं होतं: फेट (PhET), पडद्यावर करायच्या प्रयोगांचं, म्हणजे सिम्युलेशनचं, मोफत संकेतस्थळ. भौतिकशास्त्राचं नोबेल मिळवलेल्या कार्ल वीमन यांनी 2002 साली कोलोरॅडो विद्यापीठात ते सुरू केलं. यात विद्युत परिपथ पडद्यावर जोडता येतो, दोन्ही बल्ब अगदी सारखे घेता येतात, धारा मोजणारा अमीटर कुठेही लावता येतो आणि तारेतून सरकणारे इलेक्ट्रॉन दिसतात. बल्बच्या अलीकडे आणि पलीकडे त्यांचा वेग तोच. हातातल्या सेल-बल्बने हे कधीच दाखवता आलं नसतं. खातं उघडावं लागत नाही, आणि सिम्युलेशन आधी उतरवून ठेवलं तर नेटशिवाय ब्राउझरमध्ये चालतं. ती जिथे पुन्हा पाठ घ्यायला जाणार होती त्या शाळेत नेटचा भरवसा नव्हता, त्यामुळे हे शेवटचं फार महत्त्वाचं.

पण निवडीपेक्षा तयारी मोठी होती. आठवडाभर ती संध्याकाळी आईसमोर बसून पाठ मोठ्याने म्हणायची, आधी तेलुगूत, मग मराठीत. आईचे हात विड्या वळत असायचे आणि मध्येच प्रश्न यायचा, “मग बिल कशाचं येतं गं?” हा प्रश्न तिने पाठात घेतला. प्रवाह परत येतो, ऊर्जा दिली जाते, बिल ऊर्जेचं. इतकं नेमकं उदाहरण तिला कुठल्याच लिंकवर सापडलं नसतं.

सोलापूरची गड्ड्याची यात्रा झाल्यावर तिचा पाठ झाला. मैत्रिणीचा लॅपटॉप एका बाकावर, त्याच्याभोवती पाच-सहा मुलं आळीपाळीने, बाकीचे गट सेल-बल्ब घेऊन. अमीटरचे आकडे सगळीकडे सारखे दिसल्यावर तोच मुलगा अडून बसला: “मग आमचा बल्ब मंद का?” तिने उत्तर दिलं नाही, बल्बांच्या जागा बदलायला सांगितल्या. मंद बल्ब आता पहिल्या जागेवर आला आणि तरीही मंदच राहिला. मुलांनीच ओरडून सांगितलं की बल्बच वेगळे आहेत. मागच्या बाकावरची एक मुलगी गप्प होती. तिला तिने तेलुगूत समजावलं, सगळ्यांसमोर. कुणी हसलं नाही.

लॅपटॉप चालला असेल दहा-बारा मिनिटं. बाकीचा वेळ ती बोलत होती.

आता साधन निवडण्याबद्दल थोडं, कारण हा प्रश्न खराच आहे. हाताने करता येतं ते हातानेच करावं. जे डोळ्यांना दिसत नाही, धोक्याचं आहे किंवा शंभरदा बदलून बघायचंय, त्यासाठी पडदा. ‘फुकट’ लिहिलेलं खरंच फुकट आहे की ठरावीक दिवसांनी पैसे मागणार, ते पाठ टाचण लिहिण्याआधी बघावं, आणि ज्या फोनवर वापरायचं त्याच फोनवर नेट बंद करून एकदा चालवावं. मुलांची नावं, फोटो, मोबाइल नंबर मागणारं काहीही मी सरळ बाजूला ठेवायला सांगते. 2023च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने 18 वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक ठरवली आहे, आणि कायदा नसता तरी ती मुलं आपल्या भरवशावर असतात. भराभर उत्तर देणाऱ्याचं नाव वर झळकवणाऱ्या स्पर्धांबद्दलही माझं मत चांगलं नाही. सावकाश विचार करणारं मूल तिथे रोज हरतं.

अक्कलकोटकडे प्राथमिक शाळेत इंटर्नशिप करणाऱ्या तिच्या मैत्रिणीची गरज वेगळी होती. मुलं घरी कन्नड बोलतात. तिला ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशनाचं स्टोरीवीव्हर हे गोष्टींचं संकेतस्थळ उपयोगी पडलं, तिथे एकच गोष्ट मराठीत आणि कन्नडमध्येही सापडते, उतरवून छापताही येते. फेटचा तिला काही उपयोग नव्हता.

परवा ती पहिली मुलगी पुन्हा आली होती. झोप बरीच सुधारलीय. पाठाच्या आदल्या रात्री मात्र अजून जाग येते, आणि तेवढी येऊ दे असं मी तिला सांगितलं. आता त्रिकोणाच्या कोनांच्या बेरजेसाठी जिओजेब्रा हे भूमितीच्या आकृत्यांचं ॲप वापरायचं तिच्या मनात आहे. कुणासाठी, मी विचारलं. उत्तर तयार होतं. कागदाचा त्रिकोण कापून तीन कोपरे शेजारी लावले की सरळ रेषा होते, ते वर्गाने केलंय. पण एका मुलीने विचारलं, “हे माझ्या त्रिकोणाचं झालं, सगळ्यांचं कशावरून?” जिओजेब्रात शिरोबिंदू धरून ओढला की त्रिकोण हवा तसा बदलतो आणि बेरीज 180 अंशच राहते. ही सिद्धता नव्हे, हेही तिने स्वतःच सांगितलं. समांतर रेषा काढून सिद्धता ती फळ्यावर करणार आहे. लॅपटॉप गुरुवारी मिळणार आहे, नाही मिळाला तर फोनवर गटागटाने दाखवेन म्हणाली.