लेखनामागची ‘स्फूर्ती’ की ‘प्रेरणा’?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातील एका शिक्षिकेने विचारलेल्या शंकेचे हे उत्तर आहे. गावच्या मराठी साहित्य संमेलनात त्यांना एका कथाकाराची मुलाखत घ्यायची असून, ‘आपल्या लेखनामागची स्फूर्ती कोणती?’ असा पहिला प्रश्न त्यांनी लिहून ठेवला होता. पुण्याहून आलेल्या नातेवाइकांनी तो वाचून ‘येथे प्रेरणा हवे, स्फूर्ती ही तुमची कन्नड सवय’ असा शेरा मारला. तो शेरा कितपत खरा आहे, आणि ‘त्यांना लिहिण्याचा नाद आहे’ हे वाक्य व्यासपीठावरून बोलण्याजोगे आहे का, असे बाईंचे दोन प्रश्न आहेत. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा अशा गावांतून हिवाळ्यात संमेलने भरतात आणि मुलाखतीही होतात, तेव्हा ही अडचण एकट्या बाईंची नसावी.

त्या प्रश्नात ‘प्रेरणा’ हाच शब्द अधिक चपखल बसतो, हे मान्य करावे लागेल. मात्र त्याचे कारण कन्नडमध्ये शोधण्यापेक्षा या दोन शब्दांच्या धातूंत शोधणे बरे.

‘प्रेरणा’ हा शब्द ‘प्र’ हा उपसर्ग आणि ‘ईर्’ हा धातू यांपासून झाला असून पुढे ढकलणे, चालना देणे हा त्याचा मूळ अर्थ आहे. म्हणजे या शब्दात दोन पक्ष आधीपासूनच गृहीत आहेत, एक करणारा आणि एक करवणारा. ‘कर्ता करविता’ या आपल्या जोडशब्दातला ‘करविता’ म्हणजेच प्रेरक होय. तुकोबांच्या ज्या अभंगात त्यांच्या कवित्वाचा आरंभ सांगितला आहे, तो या दृष्टीने पाहण्यासारखा आहे: ‘नामदेवें केलें स्वप्नामाजी जागें । सवें पांडुरंगें येऊनियां ॥ सांगितलें काम करावें कवित्व । वाउगें निमित्य बोलों नये ॥’ येथे ‘प्रेरणा’ हा शब्द कोठेही नाही, पण प्रेरणेची सगळी सामग्री आहे. सांगणारे कोण, त्यांनी नेमके कोणते काम सांगितले आणि काय करू नये म्हणून बजावले, हे सारे दोन चरणांत येते. ‘सांगितलें काम’ हे शब्द तर थेट कामाला लावणाऱ्याचे आहेत. प्रेरणेविषयी विचारले की माणूस असे उत्तर देऊ शकतो, कारण तिला नाव, गाव आणि पुष्कळदा तारीखही असते.

‘स्फूर्ती’चा धातू ‘स्फुर्’, म्हणजे थरथरणे, लवणे, चमकून उठणे. बाहू स्फुरतात, स्फुरण चढते, ओळ स्फुरते. या साऱ्यांत बाहेरून ढकलणारा कोणी नाही. जे होते ते आतल्या आत आणि क्षणभर होते. म्हणून ‘ती कविता मला एकाएकी स्फुरली’ हे वाक्य सहज वाटते, तर ‘वीस वर्षे मला स्फूर्ती होती’ हे कानाला खटकते. तेथे ‘वीस वर्षे तीच प्रेरणा होती’ असेच म्हणावे लागते. कथाकाराला सबंध लेखनाविषयी विचारायचे असेल तर प्रेरणा विचारावी, आणि एखाद्या विशिष्ट कथेचा पहिला ठिणगीचा क्षण विचारायचा असेल तर ‘ती कथा कशी स्फुरली?’ असे क्रियापदानेच विचारावे. (जाता जाता: ‘स्फुरण’मध्ये ‘स्फु’ ऱ्हस्व आणि ‘स्फूर्ती’मध्ये दीर्घ. फलकांवर दिसणारे ‘स्फुर्ती’ चूक आहे, आणि समासात ‘स्फूर्तिस्थान’, ‘स्फूर्तिदायक’ असा ‘ति’ ऱ्हस्व होतो. ‘स्फुट लेखन’ मात्र ‘स्फुट्’ या वेगळ्या धातूचे आहे.)

आता कन्नडचा मुद्दा. कन्नडमध्ये ‘प्रेरणे’ हा शब्द आहेच, पण रोजच्या बोलण्यात आणि भाषणांत ‘अवरे ननगे स्फूर्ति’, म्हणजे ‘तेच माझी स्फूर्ती’, असे सर्रास म्हटले जाते. माणसालाच स्फूर्ती म्हणण्याची ही सोय मराठीने फारशी घेतलेली नाही. आपण मध्ये ‘स्थान’ घालून ‘ते माझे स्फूर्तिस्थान’ म्हणतो. शाळेत कन्नड, घरी मराठी आणि बाजारात दोन्ही अशा वातावरणात वाढलेल्या माणसाच्या तोंडी प्रेरणेच्या जागी स्फूर्ती येणे अगदी साहजिक आहे. घरची भाषा मराठी असून कविता कन्नडमध्ये लिहिणारे द. रा. बेंद्रे ज्या धारवाडचे, ते येथून काही फार दूर नाही. तरीही सगळा दोष कन्नडच्या माथी मारता येत नाही, कारण ‘थोरांपासून स्फूर्ती घ्यावी’ हे वाक्य कृष्णेच्या पलीकडच्या भाषणांतही पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येते. बेळगावकडे ते थोडे अधिक ऐकू येते, एवढेच म्हणावे.

या दोन शब्दांहून मला अधिक मोलाचे वाटते ते ‘सुचणे’. मराठीत ‘मी सुचतो’ असे कोणी म्हणत नाही. ‘मला सुचते’ असेच म्हणतात. लिहिणारा त्या वाक्यात कर्ता नाहीच, सुचलेली गोष्ट कर्ता आहे आणि लिहिणारा चतुर्थीत उभा आहे. कन्नडमध्येही हीच रचना आहे. ‘ननगे होळेयितु’ म्हणजे मला सुचले, आणि ‘होळे’ या क्रियापदाचा दुसरा अर्थ चमकणे, म्हणजे थेट ‘स्फुर्’च्या शेजारचा. काहीच सुचेनासे झाले की ‘एनू तोचलिल्ल’ म्हणतात. लेखकाच्या अनुभवाविषयी या दोन्ही भाषांचे व्याकरण एकमत आहे, मग शब्दांवरून भांडण्यात फार अर्थ नाही.

पुष्कळ मुलाखतींत ‘लेखनामागचा हेतू’ असाही प्रयोग होतो. आजच्या मराठीत हेतू म्हणजे उद्देश. संस्कृत काव्यशास्त्रात मात्र हेतू म्हणजे कारण, आणि उद्देशाला ‘प्रयोजन’ हा स्वतंत्र शब्द आहे. ‘काव्यप्रकाश’कार मम्मटाने यश, धन, व्यवहारज्ञान, अमंगलाचा नाश, तत्काळ मिळणारा परमानंद आणि कांतेसारखा गोड उपदेश अशी सहा प्रयोजने सांगितली. हेतूत त्याने शक्ती (म्हणजे प्रतिभा), निपुणता आणि अभ्यास हे तीन घटक धरले; पण ते तीन हेतू नसून तिघे मिळून एकच हेतू होतो, असे त्याने ‘हेतुर्न तु हेतवः’ या शब्दांत बजावले. नुसत्या प्रतिभेवर विसंबून वही कोरी ठेवणाऱ्यांनी हे एकवचन जरूर पाहावे. जुने ग्रंथ वाचणाऱ्या श्रोत्यांसमोर ‘हेतू’ विचारल्यास घोटाळा होऊ शकतो, इतके लक्षात ठेवावे.

राहिला ‘नाद’. आपल्याकडे भजनाचा नाद, नाटकाचा नाद, कुस्तीचा नाद आणि दारूचा नाद या चारही ठिकाणी एकच शब्द चालतो, म्हणून तो हलका वाटतो. ‘छंद’ फावल्या वेळेचा असतो, ‘ध्यास’ला एखादे ध्येय लागते, नादाला दोन्ही लागत नाही. तोटा दिसत असूनही जे सुटत नाही, ते या शब्दाइतके नेमके दुसऱ्या कोणत्या शब्दात येत नाही. ‘नादी लागणे’ या प्रयोगात निंदा आहे, ‘नाद आहे’ या प्रयोगात ती असलीच तर कौतुकाच्या सुरात असते. तेव्हा बाईंनी व्यासपीठावरून ‘यांना लिहिण्याचा नाद आहे’ असे खुशाल म्हणावे. ‘हे लिहिण्याच्या नादी लागले’ हे वाक्य मात्र कथाकाराच्या घरच्या मंडळींसाठी राखून ठेवावे.