मेरोपेनेमला रेझिस्टंट, पण जेलवर बँड नाही: मग लिहायचं काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. लघवीच्या नमुन्यातून क्लेबसिएला न्यूमोनी हा जिवाणू मिळाला. मेरोपेनेम या कार्बापेनेम गटातल्या प्रतिजैविकाच्या डिस्कभोवती १७ मिमीचा झोन (जिवाणू न वाढलेलं वर्तुळ) आहे, म्हणजे सीएलएसआय या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या तक्त्यानुसार (१९ किंवा कमी) तो रेझिस्टंट. पण एनडीएम, ऑक्सा-४८ आणि केपीसी या कार्बापेनेमेझांच्या, म्हणजे कार्बापेनेम फोडणाऱ्या एन्झाइमांच्या, जनुकांसाठी लावलेल्या तिन्ही पीसीआर निगेटिव्ह, जेलवर बँड नाही. गाइड म्हणतात पीसीआर फसली, पुन्हा लावा.

पुन्हा लावण्याआधी एक वेगळा प्रश्न सोडवा: हा जिवाणू मेरोपेनेम फोडतोय का? पीसीआर हे सांगत नाही. तुमचे प्राइमर (जनुक शोधणारे डीएनएचे छोटे तुकडे) जनुकाच्या ज्या तुकड्यावर बसतात तो तुकडा सापडला की नाही, एवढंच ती सांगते.

यासाठी महागडं काही लागत नाही, एमसीआयएम करा; जिवाणू औषध फोडतो का, हे दाखवणारी ही साधी चाचणी आहे. २ मिली ट्रिप्टिक सोय ब्रॉथमध्ये ताज्या वाढीचं १ मायक्रोलिटरचं एक लूप मिसळा, त्यात १० मायक्रोग्रॅमची मेरोपेनेम डिस्क बुडवा आणि ३५ अंशांना ४ तास ठेवा. मग डिस्क काढून, जादा ब्रॉथ नळीच्या कडेला निथळून, ती म्युलर-हिंटन प्लेटवर ई. कोलाय एटीसीसी २५९२२ या मेरोपेनेमला बळी पडणाऱ्या जिवाणूच्या लॉनवर (एकसलग पसरलेल्या थरावर) ठेवा. दुसऱ्या दिवशी झोन ६ ते १५ मिमी असेल तर डिस्कमधलं औषध फोडलं गेलंय. १९ किंवा जास्त असेल तर औषध शाबूत आहे. मधला आकडा आला तर पुन्हा करा. ऑक्सा-४८ च्या कुटुंबातली एन्झाइमं कार्बापेनेम सावकाश फोडतात, त्यामुळे असे अधलेमधले झोन दिसू शकतात. सोबत ईडीटीए घातलेली दुसरी नळी लावा. ईडीटीए जस्त ओढून घेतं आणि एनडीएमसारख्या एन्झाइमांचं काम जस्तावाचून चालत नाही. त्या नळीतल्या डिस्कचा झोन ५ मिमी किंवा जास्त वाढला, तर मेटॅलो-बीटा-लॅक्टमेझ (जस्तावर चालणारं असं एन्झाइम) आहे असं धरा.

एमसीआयएम पॉझिटिव्ह आली, तरच पीसीआरवर संशय घ्यायचा. १६एस या प्रत्येक जिवाणूत असणाऱ्या जनुकाचा बँड त्याच डीएनएमधून येतोय का ते आधी पाहा. उकळून काढलेल्या डीएनएत अडथळा आणणारे पदार्थ राहतात, दहापट पातळ करून लावलं की बरेचदा काम होतं. कार्बापेनेमेझची जनुकं बहुतेक प्लाझ्मिडवर (क्रोमोसोमबाहेरच्या डीएनएच्या कड्यावर) असतात आणि औषधाविना वारंवार सबकल्चर केलं तर प्लाझ्मिड गळून पडू शकतं. तुम्ही डीएनए कितव्या पिढीतून काढला, हे वहीत बघा. प्राइमर कोणत्या शोधनिबंधातून घेतलेत तेही तपासा. आपल्याकडे ऑक्सा-४८ पेक्षा तिचे भाऊबंद ऑक्सा-१८१ आणि ऑक्सा-२३२ जास्त भेटतात. या दोघांच्या क्रमावर तुमचे प्राइमर बसतात का, ते संगणकावर पाच मिनिटांत कळतं. शिवाय व्हीआयएम आणि आयएमपी ही आणखी दोन कार्बापेनेमेझं तुम्ही शोधलेलीच नाहीत.

एमसीआयएम निगेटिव्ह आली तर मला वाटतं उत्तर पोरिनमध्ये, म्हणजे जिवाणूच्या बाहेरच्या आवरणातल्या छिद्रांत, आहे. क्लेबसिएलात औषध आत शिरतं ते ओएमपीके३५ आणि ओएमपीके३६ या दारांतून. ती मोडली आणि जोडीला सीटीएक्स-एम-१५ सारखं ईएसबीएल किंवा एम्पसी (पेनिसिलिनच्या नात्यातली इतर औषधं फोडणारी एन्झाइमं) असलं, की कार्बापेनेमेझ नसतानाही कार्बापेनेम निष्प्रभ होतं. आधी एर्टापेनेम जातं, म्हणून त्याचीही डिस्क लावा. इथे एखादं जनुक बिघडल्यामुळे प्रतिरोध येतो. ओएमपीके३६ ची पीसीआर केलीत तर नेहमीसारखा बँड दिसेलही, कारण एका बेसने वाचनचौकट सरकली तरी जेलवर काही फरक दिसत नाही. सिक्वेन्सिंग करावंच लागतं.

जीनोम पाठवू का, असंही विचारलंय. पाठवा, पण येणारी यादी जपून वाचा. क्लेबसिएला न्यूमोनीच्या जवळजवळ प्रत्येक जीनोममध्ये एसएचव्ही, फॉसए आणि ओक्यूएक्सएबी ही प्रतिरोधाची जनुकं असतातच, ती त्याच्या क्रोमोसोमवरची घरची जनुकं आहेत. सापडलेल्या जनुकांची संख्या मोजून 'अतिप्रतिरोधक' म्हणणारे प्रबंध मी वाचलेत आणि ते मला अजिबात पटत नाहीत. रेसफाइंडर हे सॉफ्टवेअर मुख्यतः बाहेरून आलेली जनुकं शोधतं. पोरिनमधले बिघाड पाहायला क्लेबोरेट वापरा, ते याच जिवाणूसाठी बनवलंय.

कोलिस्टिन या प्रतिजैविकाबद्दलचं तुमचं वाक्य मात्र आजच खोडा. एमसीआर-१ (कोलिस्टिनच्या प्रतिरोधाचं एक जनुक) निगेटिव्ह, म्हणून कोलिस्टिनला सेन्सिटिव्ह, असं लिहिता येत नाही. एमसीआर-१ चीनमधून २०१५ साली नोंदली गेली आणि तिचं नाव गाजलं, पण भारतातल्या क्लेबसिएलात कोलिस्टिनचा प्रतिरोध बहुतेकदा एमजीआरबी हे जनुक मोडल्याने येतो. डिस्कही चालत नाही, कारण कोलिस्टिन अगरमध्ये नीट पसरत नाही. ब्रॉथ मायक्रोडायल्यूशन (ब्रॉथमध्ये औषधाच्या वेगवेगळ्या मात्रा लावून पाहणं) करा. आणि २०२० पासून सीएलएसआयच्या तक्त्यात कोलिस्टिनसाठी 'सेन्सिटिव्ह' हा वर्गच उरलेला नाही.

पीसीआर निगेटिव्ह असूनही जिवाणू रेझिस्टंट असू शकतो, हे गाइडना पटवायला मेकसी या जनुकाचं उदाहरण सांगा. २०११ मध्ये गायींत आणि माणसांत असे स्टॅफिलोकॉकस ऑरियस नोंदले गेले, जे मेकए या मेथिसिलिन-प्रतिरोधाच्या नेहमीच्या जनुकाच्या पीसीआरला निगेटिव्ह पण मेथिसिलिनला रेझिस्टंट होते. जनुक निराळं होतं, प्राइमर त्यावर बसत नव्हते. सेफॉक्सिटिनची साधी डिस्क ते पकडते.

अहवालात 'कार्बापेनेमेझ नाही' असं लिहू नका. 'एनडीएम, ऑक्सा-४८, केपीसी ही जनुकं या प्राइमरांनी आढळली नाहीत' असं लिहा आणि एमसीआयएमचा निकाल शेजारी द्या. कोणतं एन्झाइम आहे यावर औषध ठरतं: सेफ्टाझिडीम-अविबॅक्टम केपीसी आणि ऑक्सा-४८ वर चालतं, एनडीएमवर एकटं चालत नाही, तिथे अझ्ट्रिओनॅमची जोड द्यावी लागते. प्लाझ्मिडवरचं जनुक वॉर्डातल्या दुसऱ्या जिवाणूंत जाऊ शकतं, मोडलेलं पोरिन तसं जात नाही. पेशंटला वेगळं ठेवण्याचा विचार करताना हा फरक लक्षात घ्यावा लागतो.

मूळ प्लेट अजून फेकली नसेल तर पुढचं काहीही करण्याआधी तिच्यावरून ग्लिसरॉल स्टॉक करून उणे ८० ला ठेवा. मग एमसीआयएम आणि एर्टापेनेम, दोन्हींचे झोन कळवा.