फाटकाबाहेर कळलेली बातमी

या खेपेची पत्रं वाचताना एक वाक्य पुन्हा पुन्हा समोर येत राहिलं: ‘शाळेने आम्हाला सांगितलंच नाही.’ मी ३१ वर्षं प्राथमिक शाळेत होते, त्यातली शेवटची ११ मुख्याध्यापिका म्हणून. हे वाक्य मी खुर्चीत बसून ऐकलेलं आहे, आणि एकदा ते माझ्याच चुकीमुळे ऐकावं लागलं. म्हणून आज नेहमीपेक्षा सविस्तर लिहिते आहे.

बाई, माझा मुलगा दुसरीत आहे आणि मला पाचवा महिना चालू आहे. काल शाळा सुटताना फाटकाबाहेर दुसऱ्या एका आईकडून कळलं, की वर्गात दोघांना कांजिण्या झाल्या आहेत. पहिल्याला होऊन आठवडा उलटलाय. वर्गशिक्षिकेला विचारलं तर म्हणाल्या, ‘पालक घाबरतात म्हणून सांगायचं नाही असं ठरलंय.’ मला लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का, हे माझ्या आईलाही आठवत नाही. मी काय करू? आणि शाळेचं हे वागणं बरोबर आहे का?

तुमचं पत्र मिळालं त्याच दिवशी मी तुम्हाला फोन केला, कारण अंक छापून होईपर्यंत थांबण्यासारखी ही गोष्ट नव्हती. इथे लिहिते ते तुमच्यासारख्या इतर आयांसाठी. गरोदरपणी कांजिण्यांचा संपर्क आला आणि आधी त्या होऊन गेल्याची किंवा लस घेतल्याची खात्री नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा. थेट दवाखान्यात जाऊन बसायचं नाही, कारण तिथे दुसऱ्या गरोदर बायका असतात. रक्ताच्या तपासणीत प्रतिकारशक्ती आहे की नाही ते कळतं, आणि पुष्कळ जणींना ती असते. नसेल तर संपर्कानंतर १० दिवसांच्या आत देता येणारं इंजेक्शन आहे. या दिवसात कांजिण्यांची लस मात्र घेता येत नाही. आता त्या दहा दिवसांतला आठवडा शाळेच्या गप्प बसण्यात गेला, हे लक्षात घ्या. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर त्यातच आहे. शाळेचं चुकलं.

माझी चूक अशीच होती. तिसरीच्या वर्गात एका मुलाच्या अंगावर पुरळ उठलं. डॉक्टरांनी कांजिण्या आहेत असं सांगितलं होतं. मी म्हटलं, अजून एखादं मूल निघतं का पाहू, मग कळवू. त्याच वर्गात रक्ताच्या कर्करोगावर उपचार चालू असलेली एक मुलगी होती. औषधांमुळे तिची प्रतिकारशक्ती खाली आलेली होती, आणि हे आम्हाला तिच्या आईने वर्षाच्या सुरुवातीलाच सांगून ठेवलं होतं. मी तीन दिवस थांबले. चौथ्या दिवशी चिठ्ठी गेली आणि तासाभरात तिची आई माझ्या दारात उभी राहिली. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, ‘पहिल्याच दिवशी कळलं असतं, तर मी तेव्हाच डॉक्टरांना सांगितलं असतं.’ मुलीला पुढे कांजिण्या आल्या, दोन आठवडे दवाखान्यात काढावे लागले. ती बरी झाली. पण त्या तीन दिवसांचा हिशोब माझ्याकडे नव्हता आणि आजही नाही.

त्यानंतर आम्ही ठरवलं की खात्रीचं निदान ज्या दिवशी कळेल त्याच दिवशी चिठ्ठी जायची. मग एक मूल असो की दहा. कांजिण्या पुरळ दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासून पसरतात. म्हणजे शाळेला कळतं तेव्हा शेजारच्या बाकावर त्या पोचलेल्याच असतात. चिठ्ठीने त्या थांबत नाहीत, पण ज्यांना धोका जास्त आहे त्यांना वेळ मिळतो. आमची चिठ्ठी साधारण अशी असे:

‘आपल्या मुलाच्या वर्गातील एकाला कांजिण्या झाल्याचे आज, सोमवार ९ तारखेला, आम्हाला कळले. ते मूल शुक्रवार ६ तारखेपर्यंत वर्गात होते. इतर मुलांना लागण झाली असल्यास १५ ते २७ तारखेदरम्यान ताप किंवा पुरळ दिसू शकेल. तसे दिसल्यास मुलाला घरी ठेवा व आम्हाला कळवा. सर्व फोडांवर खपली धरल्यावर मूल शाळेत येऊ शकेल. घरात कोणी गरोदर असल्यास, तान्हे बाळ असल्यास किंवा कोणाची प्रतिकारशक्ती औषधांमुळे कमी झाली असल्यास आजच डॉक्टरांशी बोला. तापासाठी मुलांना ॲस्पिरिन देऊ नका. पुढची माहिती सोमवारी १६ तारखेला देऊ, नवीन काही नसले तरी.’

यातल्या तारखा मोजून काढलेल्या आहेत. कांजिण्या संपर्कानंतर १० ते २१ दिवसांत उठतात. ‘काळजी घ्या’ असं लिहिलेल्या चिठ्ठ्या मी खूप पाहिल्यात आणि त्या वाचून पालकांनी नेमकं काय करायचं, ते मला कधी कळलं नाही. तारीख दिली की आई ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिते. ॲस्पिरिनची ओळ अशासाठी, की कांजिण्या किंवा फ्लू झालेल्या मुलांमध्ये त्या गोळीचा संबंध राय सिंड्रोम या आजाराशी आढळला आहे. तो क्वचित होतो, पण यकृतावर आणि मेंदूवर जातो. शेवटची ओळ, ‘नवीन काही नसले तरी’, ही मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. पुढची बातमी कधी येणार हे ठाऊक असलेला माणूस मधल्या दिवसांत शेजाऱ्याला विचारत फिरत नाही.

मुलाचं नाव चिठ्ठीत कधीच नसतं. रिकाम्या बाकावरून मुलं ओळखतात, हे खरं. तरी शाळेच्या तोंडून ते जायचं नाही. आणि घाबरण्याबद्दल म्हणाल, तर जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली साथीच्या काळात लोकांशी कसं बोलावं याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात विश्वासाच्या लगोलग ‘लवकर सांगणं’ येतं. माझ्या छोट्या शाळेतही तेच दिसलं. चिठ्ठी वेळेवर गेली त्या वर्षी मला पाचसहा फोन आले, सगळे शांतपणे विचारणारे. उशिरा गेली त्या वर्षी दारात रांग होती.

मी चौथीच्या वर्गाला शिकवते. वर्गात उवा झाल्या आहेत. ज्या मुलीच्या डोक्यात प्रथम दिसल्या तिच्या दप्तरात मी चिठ्ठी ठेवली, ती दुसऱ्या मुलींनी काढून वाचली. आता तिच्याजवळ कोणी बसत नाही. मला फार वाईट वाटतंय. आता काय करता येईल?

तुम्हाला वाईट वाटतंय म्हणजे अर्धं काम झालंय. उरलेलं असं करा. उद्या सगळ्या वर्गाला एकच चिठ्ठी द्या, मुलग्यांनाही, आणि ती घडी घालून वहीला चिकटवा. त्यात लिहा की उवा स्वच्छ केसांतही होतात, आणि त्यांचा घराच्या स्वच्छतेशी संबंध नाही. त्या उडत नाहीत, उडीही मारत नाहीत. डोक्याला डोकं लागलं की चालत जातात. डोक्यातल्या उवांमुळे आजार पसरत नाहीत, त्यामुळे मुलीला घरी पाठवण्याची गरज नव्हती आणि नाही. औषध लावायचं, बारीक दातांच्या फणीने ओल्या केसांतून विंचरायचं. औषधातून वाचलेल्या लिखा आठ-नऊ दिवसांत फुटतात, म्हणून त्या सुमारास बहुतेक औषधं पुन्हा लावावी लागतात. पाकिटावरचा दिवस पाहून तो चिठ्ठीत लिहा. टाळूपासून बोटाच्या नखाएवढ्या अंतरावर गेलेल्या लिखा बहुधा रिकाम्याच असतात, त्यावरून कोणाला पुन्हा दोष देऊ नका.

आणि त्या मुलीसाठी: वर्गातल्या जागा बदला, सगळ्यांच्या. तिची एकटीची नको. मग वर्गाला उवेबद्दल विज्ञानाचा तास म्हणून सांगा. सहा पाय, पंख नाहीत, माणसाच्या डोक्याबाहेर एक-दोन दिवसांपलीकडे जगत नाही. मुलांना किड्यांचं कुतूहल असतं. ते कुतूहल जागं झालं, की चिडवणं ओसरतं असं मी पाहिलंय. तिच्या आईला मात्र चिठ्ठीने नाही, समोर बसून सांगा, ‘चूक माझी झाली.’

आमच्या वर्गाच्या पालकांच्या ग्रुपवर दुपारी एक ध्वनिसंदेश आला, की शाळेबाहेर मुलं पळवणारी गाडी फिरते आहे. तासाभरात निम्मे पालक मुलांना घेऊन गेले. मीही कामावरून धावत आलो. शाळेने संध्याकाळी पाच वाजता लिहिलं, ‘अफवांवर विश्वास ठेवू नका.’ तोवर कशावर विश्वास ठेवायचा होता?

बाबा म्हणून तुम्ही धावत आलात, त्यात काही चुकलं नाही. ज्याला दुसरं काही सांगितलं गेलेलं नाही तो जे ऐकलं त्यावरच निघणार. अशा वेळी पहिल्या अर्ध्या तासात शाळेकडून तीन वाक्यं यायला हवी होती: ‘असा संदेश फिरतो आहे हे आम्हाला कळले आहे. सर्व मुले वर्गात आहेत, फाटक बंद आहे, आम्ही पोलिसांकडे चौकशी करत आहोत. अडीच वाजता पुन्हा लिहू.’ संदेश खरा की खोटा हे तेव्हा शाळेला ठाऊक असण्याची गरजच नाही. मुलं कुठे आहेत हे ठाऊक असतं, ते सांगायचं.

ग्रुपबद्दल एक. शुभेच्छा, हरवलेल्या पाण्याच्या बाटल्या आणि गृहपाठ ज्या ग्रुपवर, त्याच ग्रुपवर सुरक्षेची सूचना गेली की ती वाहून जाते. त्यासाठी वेगळा ग्रुप ठेवा, जिथे फक्त शाळा लिहू शकेल आणि वर्षातून पाच-दहा वेळाच लिहील. पुढच्या पालकसभेत हे तुम्हीच मांडा. आणि त्या दिवशी मुलांना ओळख न विचारता कोणाकोणाच्या हाती दिलं, हेही विचारा. घाईगर्दीत खरा धोका तिथे असतो.

मुलगी मधल्या सुट्टीत घसरगुंडीवरून पडली, डोक्याला मार लागला. आम्हाला कळलं संध्याकाळी सात वाजता, ती उलट्या करू लागली तेव्हा. शाळा म्हणाली, ‘ती लगेच खेळायला लागली होती.’

आता ती बरी आहे हे तुम्ही लिहिलंत, त्याने जीव भांड्यात पडला. डोक्याला लागलं की फोन, त्याच तासात, मूल हसत असलं तरी. या एका गोष्टीत शिक्षकांनी स्वतःच्या अंदाजावर जाऊ नये. मार लागल्यानंतरचे २४ ते ४८ तास लक्ष ठेवायचे असतात. पुन्हा पुन्हा उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, नेहमीपेक्षा वेगळी गुंगी, गोंधळलेलं बोलणं, तोल जाणं, झटका, कानानाकातून पाण्यासारखं येणं, यांतलं एकही दिसलं तर थेट दवाखाना. पालकांना पडल्याचंच माहीत नसेल, तर उलटीला ते पोट बिघडलंय असंच समजणार.

आमच्याकडे कार्बन लावलेली पावतीपुस्तकासारखी वही होती. किती वाजता, कुठे, कशावर आपटलं, कोणी पाहिलं, काय केलं, कोणाला फोन केला. वरचं पान घरी, खालचं शाळेत. लिहायला दोन मिनिटं लागत.

नातीला मी शाळेतून आणतो. मुलगा-सून दोघंही दूर कामाला. शाळेचं सगळं आता मोबाइलच्या ॲपवर येतं आणि माझा फोन साधा बटणांचा आहे. परवा पाण्याची टाकी दूषित झाल्याने शाळा लवकर सोडली, मी नेहमीच्या वेळेला गेलो. पोर दीड तास पायरीवर बसून होती.

आजोबा, तुम्ही फोन बदलू नका. शाळेला तीन गोष्टी लेखी मागा. फाटकाबाहेर फळा, ज्यावर दिवसाची सूचना मोठ्या अक्षरांत असेल. नातीच्या नोंदीत ‘न्यायला येणारे’ म्हणून तुमचं नाव आणि तुमचा नंबर, पालकांच्या नंबरच्या आधी. आणि लवकर सुट्टी झाली तर ॲप न वापरणाऱ्या घरांना तोंडी फोन. अशी घरं वर्गात तीन-चारच निघतात, दहा मिनिटांचं काम आहे. पाणी कशाने दूषित झालं होतं आणि त्या दिवशी मुलं ते प्यायली होती का, हेही विचारा. तुमच्या पत्रात ते नाही, म्हणजे तुम्हाला कोणी सांगितलेलं दिसत नाही. नातीला जुलाब किंवा ताप असेल तर आधी डॉक्टर, पत्र नंतर.