‘कॅसाब्लांका’ या हॉलिवूड चित्रपटातला पियानोवाला सॅम खरंच पियानो वाजवतो का? आणि गाणारा आवाज कोणाचा?

आवाज त्याचाच आहे, पियानो मात्र नाही. सॅमची भूमिका करणारा डूली विल्सन मूळचा ड्रमवादक. गायचा सुरेख, पण पियानो त्याला येत नव्हता. चित्रीकरणाच्या वेळी इलियट कार्पेंटर नावाचा वादक कॅमेऱ्यात दिसणार नाही पण विल्सनला दिसेल असा बसायचा, आणि त्याचे हात बघून विल्सन स्वतःचे हात हलवायचा. पुन्हा बघाल तेव्हा बोटांकडे लक्ष द्या. गाताना चेहरा इतका बोलतो की हातांकडे आपली नजरच जात नाही, हे विल्सनचं मोठेपण. फक्त एक गोष्ट ध्यानात असू द्या: पियानोवादक म्हणून काही ठिकाणी जीन प्लमरचंही नाव दिलेलं असतं, त्यामुळे सगळं श्रेय एकट्या कार्पेंटरला देऊ नका.

सॅम गातो ते ‘अ‍ॅज टाइम गोज बाय’ हे गाणंही चित्रपटासाठी लिहिलेलं नाही. ते हर्मन हपफेल्डचं, 1931 सालचं, एका ब्रॉडवे नाटकातलं. संगीतकार मॅक्स स्टायनरला ते बदलून स्वतःची चाल घालायची होती. पण नायिका इल्साचं काम करणाऱ्या इन्ग्रिड बर्गमनने तोवर पुढच्या चित्रपटासाठी केस बारीक कापले होते, त्यामुळे तिचे प्रसंग पुन्हा चित्रित करणं जमण्यासारखं नव्हतं. मग स्टायनरने हपफेल्डचीच चाल पार्श्वसंगीतात इतक्या परींनी फिरवली की नायक रिक आणि इल्साचं पॅरिसमधलं सगळं जुनं प्रेम तिच्यातून ऐकू येतं.